परिसरातील बाग, मैदान आणि पायवाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात लोकांना चालता, खेळता, धावता येईल अशी जागा तयार व्हावी म्हणून धडपडणाऱ्या नागरिकांकडून, ज्येष्ठ नागरिक संघांकडून आणि ग्रामपंचायत सदस्यांकडून येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील परिस्थिती आणि कायदे समोर ठेवून लिहिली आहेत. मुंबईची विकास नियमावली वेगळी असल्याने तेथील वाचकांनी तिच्याशी ताडून पाहावे.

1. चालायला रस्ता आहेच. त्यासाठी वेगळी बाग किंवा पायवाट कशाला हवी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, तर 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी 60 मिनिटे करावी. आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास भराभर चालले, तरी प्रौढांचा किमान हिशेब पूर्ण होतो. अडचण अशी की, आपल्या बहुतेक शहरांत पदपथ सलग नसतो. असला तर त्यावर रोहित्र, हातगाडी, उभ्या केलेल्या दुचाकी आणि उखडलेल्या फरशा असतात. ज्याला गुडघेदुखी आहे किंवा ज्याच्या हाताशी लहान मूल आहे, तो अशा रस्त्यावर चार दिवस चालतो आणि पाचव्या दिवशी घरीच बसतो. घरापासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर वाहन नसलेली, सावलीची आणि फुकट जागा असली, तर चालायला जाण्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. जगभर पसरलेल्या हास्यक्लबांची सुरुवात 1995 मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक बागेत झाली, तीही मूठभर माणसांपासून. रोज त्याच वेळी भेटणारी माणसे आणि त्यांना उभे राहायला हक्काची जागा, एवढेच त्यासाठी लागले.

2. आमच्या घराजवळ मोकळी जागा पडून आहे. ती कोणाची आहे, हे कसे कळेल?

काम येथूनच सुरू करावे, कारण चुकीच्या जागेवर लावलेली झाडे आणि केलेला खर्च दोन्ही वाया जातात. शहरात नगर भूमापन झालेले असल्यास मालमत्ता पत्रक आणि इतरत्र सातबारा उतारा काढावा. त्यावरून मालक कळतो. त्यानंतर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्यावा. त्यावरून त्या जागेवर उद्यान, क्रीडांगण, शाळा किंवा रस्ता यांपैकी कोणते आरक्षण आहे, ते समजते. दाखला मिळण्यास टाळाटाळ होत असल्यास माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये अर्ज करता येतो.

आणखी एक शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचे रेखांकन (ले-आउट) करताना 10 टक्के क्षेत्र मोकळे ठेवावे लागते. जुन्या वसाहतींमधील अशा अनेक जागा आज राडारोडा टाकण्यासाठी वापरल्या जातात. मंजूर रेखांकनाची प्रत मागवून त्यावर 'खुली जागा' असे लिहिलेले क्षेत्र शोधावे. ते अनेकदा आपण समजत होतो त्याहून मोठे निघते.

3. आराखड्यात उद्यानाचे आरक्षण आहे, पण पंधरा वर्षांत काहीच झालेले नाही. आरक्षण आहे म्हणजे जागा सुरक्षित आहे ना?

नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत खासगी जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठीची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. शहरांतील कित्येक बागा अशा रीतीने, कोणताही गाजावाजा न होता, कागदावरूनच नाहीशा झाल्या आहेत. त्यामुळे आपल्या प्रभागातील आरक्षित भूखंडांची यादी करून त्यांपैकी कोणावर अशी नोटीस आली आहे, हे दरवर्षी विचारावे आणि आली असल्यास संपादनाच्या तरतुदीची मागणी लगेच लावून धरावी.

4. मागणी कोणाकडे आणि कधी करावी?

महापालिका क्षेत्रात उद्यान विभाग आणि क्षेत्रीय कार्यालय, या दोन्ही ठिकाणी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मात्र अर्जापेक्षा वेळ महत्त्वाची असते. महापालिकांची अंदाजपत्रके साधारणतः जानेवारी ते मार्चदरम्यान मांडली जातात. त्यामुळे एप्रिलमध्ये दिलेला उत्तम अर्जसुद्धा वर्षभर फायलीत राहतो. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांकडून आपल्या प्रभागातील छोट्या कामांच्या सूचना अंदाजपत्रकापूर्वी मागवल्या जातात. बाक, दिवे, चालण्याचा मार्ग, स्वच्छतागृह अशी कामे त्यातून सुचवता येतात. 'आमच्या भागाचा विकास करावा' असे लिहिण्यापेक्षा 'अमुक भूखंडाभोवती 230 मीटर लांबीचा मार्ग करावा' असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते. गावासाठी प्रश्न 14 पाहावा.

5. आमची जागा जेमतेम दहा-बारा गुंठे आहे. एवढ्यात चालण्याचा मार्ग बसतो का?

बसतो, पण आधी हिशेब करावा. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. दहा गुंठ्यांच्या साधारण चौरस जागेचा परिघ सुमारे 127 मीटर येतो आणि कुंपणापासून दोन मीटर आत मार्ग आखला, तर एक फेरी सुमारे 110 मीटरची होते. ताशी पाच किलोमीटर वेगाने अर्धा तास चालणाऱ्याला तेथे 22-23 फेऱ्या माराव्या लागतील. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे जागा असेल, तर फेरी 230 ते 240 मीटरची होते आणि तेवढेच अंतर दहा-अकरा फेऱ्यांत पुरे होते. लहान जागेत मार्ग कडेने फिरवावा, मधला भाग मोकळा सोडावा आणि कोपरे काटकोनात न ठेवता गोलाईचे करावेत. मार्गाची रुंदी 1.8 मीटरपेक्षा कमी नसावी. त्याहून अरुंद मार्गावर दोघे गप्पा मारत चालले की मागचा अडकतो आणि रोजची कुरबुर सुरू होते.

जागा पाच गुंठ्यांहून लहान असेल, तर मार्गाचा हट्ट सोडून तेथे लहान मुलांची खेळणी, दोन मोठी झाडे आणि बसायला पार एवढेच करावे.

6. मार्गाचा पृष्ठभाग कसला असावा? ठेकेदार पेव्हर ब्लॉक सुचवत आहे.

ठेकेदार पेव्हर ब्लॉकच सुचवतो, कारण त्याचे मोजमाप आणि देयक सोपे असते. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना मात्र तो कठीण पडतो, ब्लॉकच्या सांध्यांमधून वर-खाली होतो आणि सावलीत पावसाळ्यात त्यावर शेवाळे धरते. कमी-मध्यम पावसाच्या भागात तळाशी खडीचा थर, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर दगडाची चुरी, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवलेला मार्ग पायाला सर्वांत सुखाचा असतो. त्याला मधून दोन्ही कडांकडे थोडा उतार आणि बाजूने चर ठेवावा; नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात चिखल होतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर चुरीचा एक हात द्यावा लागतो, हा खर्च आधीच धरावा. कोकणात आणि घाटमाथ्यावर मुरूम वाहून जातो. तेथे खडबडीत ठेवलेला जांभा चांगला. धावण्यासाठीचा रंगीत रबरी थर दिसायला सुरेख असतो, पण तो उन्हात तापतो, फाटला की ठिगळ दिसते आणि त्याच पैशात मुरमाचे दोन-तीन मार्ग होतात.

7. कोणती झाडे लावावीत?

झाडे निवडताना प्रथम सूर्य पाहावा. बहुतेक लोक सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर चालतात. सायंकाळचे ऊन पश्चिमेकडून येते. म्हणून मार्गाच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला दाट सावलीचे करंज, कडुनिंब असे वृक्ष असावेत. बहावा आणि ताम्हण उन्हाळ्यात फुलतात. ताम्हण तर आपले राज्यपुष्प आहे. त्यांचा विस्तार बेताचा असल्याने ते मार्गाला लागून शोभतात. वड, पिंपळ, उंबर ही झाडे पक्ष्यांसाठी अमूल्य आहेत, परंतु मुळांचा पसारा लक्षात घेऊन भिंतीपासून आणि जलवाहिनीपासून किमान दहा मीटर दूर लावावीत. जांभूळ अवश्य लावावे, पण मार्गावर नव्हे. पिकलेली जांभळे पडली की फरशी निसरडी होते आणि साठीच्या पुढच्या माणसाला एक पडणे महागात पडते.

टाळण्याची यादी लहान आहे. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून अनेक ठिकाणी लावला गेला. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र वास ऐन शरदात दम्याच्या रुग्णांना त्रास देतो, त्यामुळे ती बाकांजवळ नको. गुलमोहराच्या फांद्या वादळात सहज मोडतात. तो कडेला असावा, पाळण्याच्या डोक्यावर असू नये. रोपे पावसाळ्याच्या प्रारंभी लावावीत आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरल्याशिवाय खड्डे घेऊ नयेत.

8. हिरवळ लावावी का?

थोडी, आणि बसता-लोळता येईल अशी. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तरी एक हजार चौरस मीटरला रोज पाच हजार लिटर, म्हणजे एक छोटा टँकर लागतो. ज्या शहरात मेमध्ये एक दिवसाआड नळ येतो, तेथे हे समर्थनीय नाही. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे शुद्ध केलेले पाणी उपलब्ध असेल, तरच मोठी हिरवळ करावी. 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लावावी लागणार असेल, तर ती हिरवळ मुळात लावूच नये.

9. ओपन जिम बसवून देण्याची तयारी एका लोकप्रतिनिधीने दाखवली आहे. घ्यावी का?

घ्यावी, पण दोन अटींवर. पहिली, किमान तीन वर्षांचा देखभाल करार खरेदीच्याच आदेशात असावा, कारण या साधनांचे बेअरिंग आणि बोल्ट वर्ष-दीड वर्षात सैल होतात आणि त्यानंतर ती दुखापतीची कारणे बनतात. दुसरी, साधने चालण्याच्या मार्गावर किंवा मुलांच्या खेळण्यांलगत न बसवता वेगळ्या, सावलीच्या तुकड्यात बसवावीत. ती मोठ्यांच्या उंचीसाठी असतात आणि लहान मुले त्यांत बोटे अडकवून घेतात. निधी मर्यादित असून निवड करायची असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे : आधी मार्ग, मग स्वच्छतागृह, मग दिवे आणि उरले तर जिम. उद्घाटनाला जिम अधिक सोयीची असते, ही गोष्ट वेगळी.

10. मुले क्रिकेट खेळतात, चेंडू लागतो. खेळण्यास मनाई करावी का?

मनाईचा फलक लावण्यापूर्वी त्या मुलांना दुसरी जागा कोणती, हे सांगता आले पाहिजे. विकास आराखड्यात 'उद्यान' आणि 'क्रीडांगण' ही वेगवेगळी आरक्षणे असतात. क्रीडांगणाच्या जागेवर कारंजे आणि फुलांचे ताटवे करून मुलांना बाहेर काढल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून आधी आरक्षण तपासावे (प्रश्न 2). जागा क्रीडांगणाची असेल, तर चालणाऱ्यांनी कडेने जावे. उद्यानाची असेल आणि जवळ मैदान नसेल, तर वेळा वाटून घ्याव्यात : चालण्याची गर्दी ओसरल्यावर सकाळी साडेआठनंतर आणि दुपारी चार ते साडेपाच मुलांना द्यावी, टेनिसचा मऊ चेंडूच वापरावा आणि एका बाजूला जाळी लावावी. या वाटाघाटीत मुलांचे दोन प्रतिनिधी बसवावेत. त्यांनी मान्य केलेला नियम तीच मुले इतरांकडून पाळून घेतात, असा आमचा अनुभव आहे.

11. आमच्या बागेत स्त्रिया आणि मुली फारशा येत नाहीत. काय करावे?

त्यांनाच विचारावे, आणि तेही बागेत नव्हे, घरी किंवा बचतगटाच्या बैठकीत. कारण बागेत भेटतील त्या येणाऱ्या असतात. उत्तरे बहुधा चार येतात. स्वच्छतागृह नाही किंवा कुलूपबंद आहे. दिवे मार्गावर नसून प्रवेशद्वाराच्या कमानीवर आहेत. कुंपणालगतच्या उंच मेंदीमुळे आतले बाहेरून दिसत नाही. फाटकाजवळच्या बाकांवर टोळके बसलेले असते. पहिल्या दोन्हींसाठी पैसे लागतात. मेंदी कमरेएवढी छाटायला आणि बाक फाटकापासून आत हलवायला जवळपास काहीच लागत नाही.

पाचवे कारण वेळेचे असते. अनेक शहरांत बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चारला उघडतात. घरकाम करणाऱ्या बाईंना, डबे आटोपून मोकळ्या होणाऱ्या गृहिणीला किंवा सकाळच्या सत्रातील विद्यार्थिनीला जी वेळ मिळते, नेमकी तीच कुलपाची असते. 'दुपारी जोडपी बसतात' हे त्यामागचे कारण सांगितले जाते. जोडपी बसली म्हणून इतरांचे चालणे का थांबवावे, हे आम्हांला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

12. दुचाकी आत येऊ नये म्हणून चक्री फाटक बसवले, पण आता व्हीलचेअर जात नाही. उपाय काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सार्वजनिक जागा सर्वांना वापरता आली पाहिजे. त्यामुळे केवळ चक्री फाटक ठेवणे योग्य नाही. व्हीलचेअरला किमान 90 सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते आणि तेवढ्यातून दुचाकीही निघते, हा खरा पेच आहे. केवळ खांब रोवून तो सुटत नाही. चक्री फाटकाशेजारी रुंद दार ठेवून ते बागेच्या वेळेत रखवालदाराच्या नजरेसमोर उघडे ठेवावे, आणि दुचाकी लावण्यासाठी फाटकाबाहेर खरोखरच जागा आखून द्यावी; बाहेर जागा नसते म्हणूनच बहुतेक जण आत आणतात. पायऱ्यांच्या जोडीला 1:12 पेक्षा तीव्र नसलेला उतार, म्हणजे एक फूट चढासाठी बारा फूट लांबी, आणि त्याला कठडा असावा.

13. आमच्याकडे टेकडी आहे. तिथे पक्की पायवाट करावी का?

बहुतेक वेळा नाही. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती येथे रोज हजारो लोक चढतात. पर्वतीला पायऱ्या आहेत. वेताळ टेकडीवर मात्र बव्हंशी मळलेल्या वाटाच आहेत आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही. काँक्रीट आले की पाठोपाठ दिवे, दुचाकी आणि टपरी येते. करण्यासारखी कामे निराळी आहेत : वाट सरळ उतारावरून न नेता नागमोडी नेणे, जेणेकरून पावसाचे पाणी तिचा ओढा करणार नाही, झिजलेल्या जागी स्थानिक दगडांच्या आडव्या पट्ट्या बसवणे, पर्यायी चोरवाटा काटेरी फांद्यांनी बंद करणे, आणि पावसाळा संपताच जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढणे, कारण फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला आग लागते.

दोन सावधगिरीच्या सूचना. टेकडी वनखात्याची असल्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय खड्डासुद्धा घेऊ नये. वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, 1980 च्या तरतुदी कडक आहेत. आणि दिसेल त्या माळावर झाडे लावू नयेत. दख्खनच्या पठारावरील गवताळ माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. चंडोल, तित्तिर यांसारखे पक्षी तेथे जमिनीवर घरटी करतात आणि तिथे गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रांग लावणे म्हणजे त्यांचे घर मोडणे होय.

14. गावात गायरान आहे. तिथे मैदान आणि चालण्याचा मार्ग करता येईल का?

ग्रामपंचायतीच्या इच्छेवर हे अवलंबून नाही. गायरान महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये विशिष्ट प्रयोजनासाठी राखलेले असते आणि ते बदलायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांबाबत कठोर भूमिका घेतली आहे. अनेकदा गायरानाची गरजच पडत नाही. शाळेचे मैदान सायंकाळी उघडे ठेवणे, तळ्याच्या बांधावर मुरूम टाकणे आणि शाळेपर्यंतच्या शिवरस्त्यावर दोन्ही बाजूंना झाडे लावणे ही कामे त्याहून लवकर होतात. विषय ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांची सूचना आधी येते, तेव्हाच विषय द्यावा.

आणखी एक गोष्ट. गावात लोक शेतात राबतातच, त्यांना मैदान कशाला, असे विचारले जाते. राबणाऱ्यांपेक्षा शाळकरी मुली, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि शेती सुटलेले वृद्ध यांना त्याची गरज असते. भरतीसाठी पहाटे महामार्गाच्या कडेने धावणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको.

15. चालण्याच्या मार्गात मोठे झाड येत आहे. तोडता येईल का?

मार्ग वळवावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांहून जुन्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून अधिक संरक्षण मिळाले आहे. बुंध्याभोवती काँक्रीटचा पार बांधू नये. किमान एक मीटर माती उघडी राहू द्यावी.

16. बागेच्या कोपऱ्यात कोणीतरी मूर्ती ठेवली आहे आणि आता मंदिराची वर्गणी सुरू आहे. विरोध केला तर वाईटपणा येतो.

सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माच्या नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देण्यास मनाई केली आहे. हा आदेश सर्व धर्मांना सारखाच लागू असल्याने तो पुढे करणे हाच वाईटपणा टाळण्याचा मार्ग आहे. चौथरा बांधला जाण्यापूर्वी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवावे. नंतर ते फार अवघड होते.

17. भटक्या कुत्र्यांमुळे लोक यायचे थांबले आहेत.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून आणि प्रवेशद्वारापासून दूर ठरवायची असते. खाऊ घालणाऱ्यांशी बोलून बागेबाहेरची जागा आणि वेळ निश्चित करावी, निर्बीजीकरणासाठी महापालिकेकडे नोंद करावी आणि बागेतील उघडी कचरापेटी हटवावी. बहुतेक ठिकाणी कुत्री खाऊपेक्षा या पेटीसाठी येतात.

18. बाग झाली. आता ती सांभाळायची कोणी?

हा प्रश्न शेवटी येतो, तो पहिला यायला हवा. माळी, पाणी, वीज आणि स्वच्छता हे महापालिकेचे काम आहे आणि ते नागरिकांनी अंगावर घेऊ नये. घेतल्यास पुढच्या वर्षी त्यासाठीची तरतूद नाहीशी होते. नागरिकांच्या गटाने नजर ठेवणे, नोंद करणे आणि पाठपुरावा करणे एवढेच करावे. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी बागेची फेरी मारून बंद दिवे, सैल खेळणी, साचलेले पाणी यांची छायाचित्रांसह यादी करावी आणि ती उद्यान विभागाला द्यावी. पाळणा तुटला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत तो बांधून ठेवावा. नुसता फलक मुले वाचत नाहीत.

पालापाचोळा जाळू देऊ नये. कोपऱ्यात विटांचा हौद करून त्यात तो कुजवला, तर वर्षभरात बागेपुरते खत होते. एका बागेत आमच्या गटाने असा हौद केला, आणि वर्षाअखेर खत तयार असताना निविदेत ठरल्याप्रमाणे बाहेरून खताचा ट्रक आला. पुढच्या निविदेत ती ओळ वगळून घ्यायला आम्हांला तीन अर्ज करावे लागले.

19. देखभालीसाठी प्रवेशशुल्क लावावे का?

दुरून येणाऱ्या पर्यटकांसाठीच्या मोठ्या उद्यानात शुल्क समजण्यासारखे आहे. मात्र तेथेही सकाळच्या चालणाऱ्यांना सवलतीचा पास असावा. वस्तीतील बागेत शुल्क नसावे. रोज दहा रुपये म्हणजे चौघांच्या कुटुंबाला महिन्याला बाराशे रुपये होतात, आणि ज्यांच्या घरात व्यायामाला जागा नाही, तेच आधी येणे सोडतात. वसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या पगारात बहुधा जमलेली रक्कमही संपते.